दिशादर्शक दिवे, मोटारगाडीचे
दिशादर्शक दिवे, मोटारगाडीचे : वाहन कोणत्या बाजूस वळणार आहे याची पूर्वसूचना इतरांना देण्यासाठी ठराविक गतीने उघडझाप करणाऱ्या दिव्यांना दिशादर्शक दिवे म्हणतात. व्यवहारात त्यांना इंडिकेटर हे नाव रूढ आहे. हे दिवे बाहेरच्या बाजूस असल्याने ते लागले की नाही, हे चालकास आसनावरून सहसा दिसत नाही. त्यामुळे दिवा निकामी झाल्याची सूचना मंडलानेच देणे आवश्यक ठरते. अशी सूचना देण्याची सोय कशी निर्माण झाली, हा या साधनाच्या इतिहासातील लक्षणीय भाग होय.

इतिहास : प्रारंभीच्या काळात चालक हात बाहेर काढून वळण्याची खूण करीत. रात्री ही खूण नीट दिसत नसे आणि बंद टपाच्या गाड्यांत ती करणेही गैरसोयीचे असे. मूकपटांतील अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स यांनी १९१४ च्या सुमारास कळ दाबताच गाडीच्या मागील बाजूस खुणेचा हात हालविणारे साधन योजिले. तथापि त्यांनी त्याचे एकस्व घेतले नाही. यूरोपात दरवाज्यालगतच्या खांबातून बाहेर येणारा, विद्युत् चुंबकाने उचलला जाणारा प्रकाशित बाहू प्रचारात आला. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२८ मध्ये असे बाहू विक्रीस आणले. ते अडकत किंवा मोडत. अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९ च्या गाड्यांत मागील बाजूस उघडझाप करणारे दिवे कारखान्यातच बसविले. १९४० मध्ये पुढील दिव्यांची व वळण पूर्ण होताच कळ आपोआप पूर्वस्थितीत येण्याची सोय झाली. यूरोपात मात्र बाहू दीर्घकाळ टिकले. फोक्सवॅगन बीटलवर ते १९६० पर्यंत, तर मॉरिस मायनरवर १९६१ पर्यंत होते.

मंडल : विद्युत् घटमालेकडून येणारा प्रवाह वितळतार किंवा फ्यूज, उघडझाप घडविणारा फ्लॅशर व सुकाणूजवळची कळ यांतून निवडलेल्या बाजूच्या दिव्यांत जातो आणि गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून घटमालेकडे परततो. परतीच्या या मार्गास कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या फ्लॅशरमध्ये प्रवाहाने तापून प्रसरण पावणारी तार किंवा द्विधातू पट्टी असे. ती तापताना व निवताना संपर्क बिंदू आळीपाळीने जुळत व सुटत. १२ व्होल्टच्या मंडलात २१ वॉटचा एक दिवा सु. १·७५ अँपिअर प्रवाह घेतो. दोनांपैकी एक दिवा जळाल्यास प्रवाह जवळजवळ निम्मा होई व तारेचे तापमान पुरेसे न वाढल्याने उघडझापेची गती बदले किंवा ती थांबे. अशा प्रकारे, दोषाची सूचना हा उष्णतेवर चालणाऱ्या फ्लॅशरचा अंगभूत गुणच होता. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनीय फ्लॅशरमध्ये तो आपोआप येत नव्हता. म्हणून प्रवाह मोजून, दिवा जळाल्यास गती मुद्दाम सु. दुप्पट करण्याची योजना करण्यात आली. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये उघडझापेची गती मिनिटास ६० ते १२० असावी लागते.

दोषनिदान : लक्षणांवरून दोषाचे स्थान बरेचसे निश्चित करता येते. एकाच बाजूची गती वाढल्यास त्या बाजूचा दिवा जळालेला असतो किंवा त्याचा अर्थ सदोष असतो. दोन्ही बाजू बंद असल्यास वितळतार, फ्लॅशर व पुरवठा क्रमाने तपासतात. धोकासूचक कळ दाबल्यावर चारही दिवे लागतात, पण वळणाची कळ फिरविल्यावर लागत नाहीत, असे आढळल्यास दिवे निर्दोष असून बिघाड वळणाच्या कळीत किंवा तिच्या पुरवठ्यात असण्याचा संभव अधिक असतो. दिशादर्शक दिव्याबरोबर मागचा लाल दिवाही मंदपणे लुकलुकल्यास समाईक अर्थ गंजलेला असतो; परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो. याची खात्री करण्यासाठी दिवा पेटता ठेवून त्याच्या धारकाचे परतीचे टोक व सांगाड्याचा स्वच्छ भाग यांच्यात व्होल्टमापक लावतात. वाचन जवळजवळ शून्य यावे. ते काही व्होल्ट आल्यास जोड उकलून, घासून पुन्हा घट्ट करतात. हा दोष न ओळखता दिवा वारंवार बदलणे व्यर्थ होय.

एलईडी प्रकारचे दिवे फार थोडा प्रवाह घेतात. जुन्या मंडलात ते बसविल्यास दिवा जळाल्याचा आभास होऊन उघडझाप शीघ्र होते. यावर उपाय म्हणून काही कारागीर दिव्याला समांतर रोधक जोडतात. त्यामुळे गती पूर्ववत होते. परंतु पुढे दिवा खरोखर बंद पडला, तरी रोधकातून प्रवाह वाहतच राहतो. परिणामी सूचना नाहीशी होऊन, न दिसणारी खूण आपण केली आहे अशा समजुतीत चालक वळतो. म्हणून एलईडीसाठी बनविलेला व दिवा बंद पडल्याचे ओळखणारा फ्लॅशर बसविणे अधिक सुरक्षित ठरते. अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणकीय नियंत्रक प्रत्येक दिव्याचा प्रवाह तपासून सदोष दिव्याचे नाव दर्शनी फलकावर दाखवितो. जुन्या फ्लॅशरच्या संपर्क बिंदूंचा टकटक आवाज अशा काही गाड्यांत ध्वनिक्षेपकातून मुद्दाम काढला जातो. कारण उघडझाप चालू असल्याची ती खूण चालकांच्या अंगवळणी पडली आहे.