ज्या ग्रहाला संदेश पाठवला, तो ग्रहच नव्हता? तारे शास्त्रज्ञांना असे चकवतात

ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून जगभरातल्या लोकांचे सुमारे २६ हजार संदेश 'ग्लीझ ५८१ डी' या ग्रहाकडे पाठवण्यात आले. अंतर सुमारे २० प्रकाशवर्षं. म्हणजे संदेश २०२९ च्या आसपास पोहोचतील. अडचण एकच: तो ग्रह बहुधा अस्तित्वातच नाही.

मग २००७ मध्ये तो 'सापडला' कसा?

ग्रह फिरताना आपल्या ताऱ्यालाही किंचित खेचतो. तारा आपल्या दिशेने सरकला की त्याचा प्रकाश निळ्या बाजूला झुकतो, दूर गेला की लाल बाजूला. या डुलण्यावरून न दिसणारा ग्रह ओळखला जातो.

पण ताऱ्याचा पृष्ठभाग शांत नसतो. सूर्यासारखेच त्यावरही डाग आणि चुंबकीय घडामोडी असतात. तारा स्वतःभोवती फिरताना हे भाग समोर येतात, मागे जातात आणि प्रकाशात तसाच बदल दिसतो.

ग्लीझ ५८१ ची स्वतःभोवतीची फेरी साधारण १३० दिवसांची. 'ग्रहा'चं वर्ष साधारण ६६ दिवसांचं, म्हणजे जवळपास निम्मं. २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या घडामोडींचा परिणाम वजा केला, तेव्हा ग्रहाचा संकेत उरलाच नाही.

दुसरी पृथ्वी शोधणं तर आणखी अवघड. पृथ्वीमुळे सूर्य डुलतो तो सेकंदाला जेमतेम ९ सेंटीमीटर वेगाने. त्याच्या पृष्ठभागावरच्या उलथापालथीचा परिणाम मात्र सेकंदाला मीटरच्या घरात जातो. म्हणून आता ग्रह जाहीर करण्याआधी ताऱ्याचीच कसून तपासणी होते.