साठवण साधने, संगणकीय
संगणकातील विदा जपून ठेवणारी व हवी तेव्हा परत देणारी उपकरणे. हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष चुंबकी तबकडीवरील योग्य मार्गावर सरकते व हवा तो खंड खाली येईपर्यंत थांबते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीत ही प्रतीक्षा सरासरी सुमारे ४ मिलिसेकंद असते. चिपवर विदा ठेवणाऱ्या एसएसडीत फिरता भाग नसल्याने ती टळते. प्रत्येक खंडासोबत पडताळणीचे जादा बिट लिहिलेले असतात. हॅमिंग (१९५०) व रीड-सॉलोमन (१९६०) यांच्यासारख्या संकेतांनी चूक सापडते आणि ठरावीक मर्यादेत दुरुस्तही होते.

मग वेगळी प्रत कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु संकेत काही बिट सावरतो, नष्ट झालेले साधन परत आणत नाही. जादा विदा राखणारी अनेक डिस्कची रेड (RAID) रचना एक डिस्क निकामी झाली तरी तगते. इमारतच कोसळली तर सगळ्या डिस्क एकदम जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसराची मोठी हानी झाली. अशा प्रदेशातील सातबाऱ्यासारख्या अभिलेखाची एक प्रत दूरच्या ठिकाणी असणे अत्यावश्यक आहे. शिवाय सातबाऱ्यावर नावच चुकीचे चढले, तर साधन ती चूकही तितक्याच निष्ठेने जपते. तिच्यावर उपाय माणसाने केलेली तपासणी हाच होय.