'माणसाने' : एका कवितेचे व्याकरण

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्यातली 'माणसाने' ही कविता पुष्कळजण अर्ध्यावरच सोडतात. सुरुवातीपासून इतकी मोडतोड आणि इतका रक्तपात, की सभ्य वाचक पुस्तक मिटतो. आम्हा गिरगावकरांना गोलपिठा तसा चालत जाण्याइतका जवळ, पण पुस्तकातला गोलपिठा फार लांबचा वाटला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कित्येक शब्द अनोळखी होते.

माझ्यासारख्या मास्तराचे लक्ष मात्र आधी क्रियापदांकडे जाते. सगळी कविता विध्यर्थात आहे. 'मुलांनी खरे बोलावे, वडीलधाऱ्यांना मान द्यावा' हे आपण ज्या रूपात फळ्यावर लिहीत आलो, त्याच रूपात ढसाळ सांगतात की माणसाने सारे उद्ध्वस्त करावे. सुविचाराचे व्याकरण घेऊन त्यांनी सुविचारच उलटा केला आहे. मग शेवटाकडे 'करावे' थांबते आणि 'नये' सुरू होते. कुणी कुणाला गुलाम करू नये, लुटू नये, काळा-गोरा म्हणून किंवा वर्णावरून हिणवू नये.

मुंबईच्या कवितेत हा काळा-गोरा कुठून आला? पाहुणा म्हणून नक्कीच नाही. जोतीरावांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले. आणि 'गोलपिठा' आला त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर निघाली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. ढसाळ तिच्या संस्थापकांपैकी एक.

शिवाय आपल्या गिरणगावातच पाहा ना. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून इतरांना विटाळाची भीती! त्या खात्यात पगार जास्त होता, हेही विसरून चालणार नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. यंत्र विलायती होते, विटाळ मात्र आपला.

आता काहीजण या कवितेचा फक्त शेवट उचलतात. मग ती भिंतीवर टांगण्याजोगी निरुपद्रवी होते. मला हे पटत नाही. 'नये'च्या आधी 'करावे' आहे, हा क्रम कवीने मुद्दाम ठेवला आहे. आहे ती रचना तशीच ठेवून समता येईल, यावर त्याचा विश्वास नाही. विध्वंसाचे ते आवाहन मला आजही झेपत नाही. पण प्रत्यक्षात काय घडले तेही पाहावे लागते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली, आणि १० तारखेला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड आले. भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता त्यात ठार झाला. कवितेतल्या हिंसेला घाबरून आपण पुस्तक मिटले होते. हा दगड कुठल्याही कवितेतून आला नव्हता.