चळवळीची पत्रे आणि आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. 3 मार्च 1934 रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून त्यामागचा हेतू कळवला: लढा मूर्तिपूजेसाठी नव्हता, अस्पृश्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, आता सारी शक्ती राजकारण आणि शिक्षणावर लावावी. बाबासाहेबांना मंदिरातच जायचे होते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही आजही हेच पत्र दाखवतो.

1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलेले पत्रही टिकले. आज ते मोबाईलवर वाचता येते. म्हणजे डिजिटल माध्यम आपले शत्रू नाही. प्रश्न जपण्याचा आहे.

मोर्चाचा निर्णय, त्यावरचे मतभेद, सगळे आपण ग्रुपवर उरकतो. मोबाईल बदलला की ते गेले. मग आपला इतिहास कोणत्या कागदांवरून लिहिला जाणार? पोलिसांच्या आणि विरोधकांच्या?

म्हणून निर्णय कारणांसह लिहा, तारीख घाला, प्रत ठेवा. सहकाऱ्याशी मतभेद झाले तर फॉरवर्ड नको, सविस्तर पत्र लिहा. मैत्रीही टिकेल, पुरावाही.

जयभीम!