नाशिकचा उन्हाळा आणि १९०० वर्षांपूर्वीची पाणपोई

१/ नाशिक हे थंड हवेचे, द्राक्षांचे शहर म्हणून ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६०० मीटर. तरीही चैत्र-वैशाखात येथील पारा ४० अंशांपुढे जातो. उघड्यावर वावरणाऱ्या माणसाचे उन्हापासून रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न आजचा वाटतो. नाशिकमध्ये त्याचे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे एक उत्तर दगडात कोरलेले आहे.

२/ शहराच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी डोंगरात २४ बौद्ध लेणी आहेत. हीच पांडवलेणी. त्यांतील १० क्रमांकाचे लेणे उषवदात याने कोरविले. हा दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. लेण्याच्या ओसरीत, मागील भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याच्या दानांची यादी आहे.

३/ गाई, सुवर्ण, गावे ही राजघराण्यांची नेहमीची दाने या यादीत आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकलगतचे तत्कालीन नगर) आणि शूर्पारक (सोपारा) येथे बांधलेली विश्रामगृहेही आहेत. पुढे ‘आराम’, ‘तडाग’ आणि ‘उदपान’ हे शब्द येतात, म्हणजे बागा, तळी आणि विहिरी.

४/ यानंतर नद्यांची नावे येतात : इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर उषवदाताने विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’ उभारल्या. सभा म्हणजे बसण्याची, विसाव्याची जागा. प्रपा म्हणजे वाटसरूंना फुकट पाणी देण्याचे ठिकाण.

५/ ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ हे याच ‘प्रपा’चे रूप. याच लेखात ‘लेण’ आणि ‘पोढी’ हे शब्दही आहेत. खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला सह्याद्रीत भटकणारे आजही पोढीच म्हणतात. उन्हातल्या माणसासाठी केलेल्या सोयीची ही भाषा मराठीत अजून जिवंत आहे.

६/ या सोयींमागे व्यापाराचे गणित होते. सोपाऱ्याच्या बंदरातला माल घाट चढून गोवर्धनला आणि तेथून पुढे देशावर जाई. बैल, ओझेवाले, भिक्षू, व्यापारी यांची वाटचाल उघड्या आकाशाखाली होई. वाटेवर पाणी आणि सावली नसेल, तर उन्हाळ्यात मार्ग ओस पडणार आणि बाजारपेठही मंदावणार.

७/ सावलीत आणि उन्हात हवेचे तापमान जवळजवळ सारखेच असते. फरक पडतो तो शरीरावर थेट येणाऱ्या सूर्यकिरणांचा आणि तापलेल्या जमिनीतून, भिंतींतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा. झाड हे किरण अडवते आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवाही थोडी निववते. घामावाटे गेलेले पाणी पाणपोई भरून काढते.

८/ लेखातील विश्रामगृहांच्या वर्णनात ‘चतुःशाला’ हा शब्द आहे. मधल्या मोकळ्या जागेभोवती चारही बाजूंनी बांधकाम, अशी तिची रचना. जुन्या नाशकातील वाड्यांचा चौकही याच तत्त्वावर चालतो. रात्री चौकात गार हवा उतरते, दिवसा जाड भिंती ऊन आत येऊ देत नाहीत आणि सोप्यात सावली राहते.

९/ पाण्याचे काम हा तेथे संघटित व्यवसायही होता. याच लेण्यातील, नंतरच्या काळातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या लेखात ‘ओदयंत्रिक’ या कारागिरांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. जलयंत्रे करणारे, असा त्याचा अर्थ लावला जातो. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवली होती. राजे बदलले तरी व्याज चालू राहावे, हा त्यामागील हेतू.

१०/ उषवदाताचे दान निरपेक्ष होते असे मानण्याचे कारण नाही. परक्या शक कुळातील सत्ताधाऱ्याला पुण्याबरोबर प्रतिष्ठाही हवी होती. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा उमटविले होते. पाणपोयांची नोंद मात्र भिंतीवर तशीच राहिली.

११/ आता अलीकडचे नाशिक. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी दीड हजारांहून अधिक झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नाशिककरांनी त्याला मोठा विरोध केला. यात्रेकरूंची सोय हवीच. परंतु पर्वणीची गर्दी काही दिवसांत ओसरते, उन्हाळा मात्र दरवर्षी येतो.

१२/ उषवदाताच्या यादीत वाटसरूचा निवारा, बागा, तळी आणि पाणपोया ही सारी कामे शेजारी शेजारी आहेत. सोय करायची म्हणून सावली काढून घ्यायची, ही अट तेथे नाही. नाशकातील फेरीवाला, हमाल, रिक्षाचालक, बांधकामावरचा मजूर हे आजचे वाटसरू. त्यांच्या वाट्याला सावली आणि पाणी येते का, या कसोटीवर आजचे शहर त्या जुन्या लेखाशी ताडून पाहता येते.