आमच्या दुकानाची पाटी

पनवेलहून येताना माथेरानचा डोंगर समोर ठळक दिसू लागला की, नेरे जवळ आले असे आम्ही समजतो. तेथे आमचे लहानसे किराणा दुकान आहे. त्यावरची पाटी वडिलांनी स्वतः ब्रशाने रंगविली होती: ‘किराणा दुकान, नेरे’. ‘ने’ची मात्रा आखूड आणि ‘रे’ची चांगली लांब! फळीवर जागा उरली म्हणून हात पुढे गेला, असे वडील सांगत आणि आई हसे.

वडील जाऊन बारा वर्षे झाली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत पुतण्याने ती रंग उडालेली पाटी खाली काढली. “काका, नवी करून आणतो,” असे म्हणून त्याने संगणकावर ‘कलम’ नावाचा फाँट दाखविला. अक्षर ठळक, मोकळ्या हाताचे, मार्कर पेनाने सहज लिहावे तसे. गोड खरे, पण दोन्ही मात्रा अगदी सारख्या. मी हिरमुसलो.

रात्री मात्र मनात आले, हाताचे अक्षर छापण्याची हौस काही आजची नव्हे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, ते शिळाप्रेसवर. शिळाछापात चिकट शाईने लिहिलेला मजकूरच दगडावरून कागदावर उमटतो. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण जसेच्या तसे घरोघरी गेले. पुढे शिशाच्या खिळ्यांचे राज्य आले. जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्या सुबक खिळ्यांतही बोरूच उतरला होता. बोरूचे टोक तिरपे कापलेले, म्हणून रेघ कोठे जाड, कोठे बारीक. मार्करचे टोक गोल असले की रेघ सर्वत्र सारखीच जाड.

मजकूर खिळ्यांकडे गेला, तरी मोठी नावे पुष्कळ काळ हातानेच रेखाटली जात. कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाचे नाव जाहिरातीत असे काढीत की, नाटकाचा स्वभाव तिकीट घेण्यापूर्वीच कळावा. तेव्हा पुतण्याचा फाँट काही उपरा नव्हे. शिळाप्रेसच्याच घराण्यातला तो. एका अक्षराची दोन-तीन रूपेही फाँटात ठेवता येतात म्हणे. पण आमच्या फळीवर किती जागा उरली होती, हे त्याला कोठून कळणार?

सकाळी मी पुतण्याला एवढेच सांगितले. तो काही बोलला नाही. जुन्या पाटीवर पातळ कागद ठेवून त्याने वडिलांची अक्षरे पेन्सिलीने उतरून घेतली आणि कागद पनवेलला नेला.

वसुबारसेला नवी पाटी लागली. आईने चष्मा पुसून ती वाचली. ‘रे’च्या मात्रेपाशी आली आणि पूर्वीसारखीच हसली.