नाचा : स्मृतीचा खर्च

भिलाईतील हुडको या वसाहतीचे नाव एका गृहनिर्माण महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले आहे. ज्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईचे शहर झाले, त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, माणसे येथे वस्तीस आली. त्यांच्या मुलांना हे गाव कारखान्याबरोबरच जन्मलेले वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु भोवतालची दुर्ग आणि राजनांदगावकडील खेडी ही नाचा या लोकनाट्याची जुनी भूमी होय. हे नाट्य पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले ते केवळ जिव्हाळ्याच्या बळावर नव्हे. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याचा खर्च सोसला होता.

नाचा रात्रभर चाले. पुरुषच स्त्रीवेष घेऊन 'परी' होत, 'जोक्कड' हसवीत असे आणि नाचगाण्यांच्या मधून जी प्रहसने रंगत, त्यांना 'गम्मत' म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द परका नाही. जुन्या तमाशालाही गंमत म्हणत असत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढात पोहोचली, तेव्हा त्यांच्या सैन्याबरोबर तमाशाचे संस्कार तिकडे गेले असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

आरंभी वादक वाद्ये कमरेस बांधून उभ्यानेच साथ करीत. यास 'खडे साज' म्हणत. रवेली गावचे दुलारसिंह साव ऊर्फ दाऊ मंदराजी यांनी १९२८ च्या सुमारास कलावंतांची संघटित मंडळी उभी केली. त्यांनी वादकांना बैठक दिली, चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली आणि मशालींच्या जागी गॅसबत्त्या लावल्या. आज जे जुने म्हणून जपावेसे वाटते, त्यातील बरेचसे त्या काळी नवे होते. या ध्यासापायी घरची शेती गेली आणि १९८४ साली दाऊ हलाखीतच निवर्तले.

दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांच्यासमोरील अडचण निराळी होती. चित्रपटगीतांची नक्कल नाच्यात शिरली होती आणि छत्तीसगढी गीत मागे पडत चालले होते. त्यांनी गावोगाव हिंडून कलावंत जमविले आणि ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेऱ्यात 'चंदैनी गोंदा'चा पहिला प्रयोग केला. गोंदा म्हणजे झेंडू. शेतकऱ्याच्या जीवनाची कथा गीत-नृत्यांतून सांगणाऱ्या या प्रयोगाची अनेक गीते लक्ष्मण मस्तुरिया यांनी लिहिली. संगीत खुमानलाल साव यांचे होते. साव यांनी तरुणपणी मंदराजींच्या मंडळीत पेटी वाजविली होती. म्हणजे नव्या प्रयोगाचे सूर जुन्या मंडळीतच घडलेले होते.

आश्रयाचा तिसरा प्रकार कारखान्याचा. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई आणि पंथी नृत्याचे देवदास बंजारे यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली. बसून गाण्याऐवजी उभे राहून, अभिनयासह पंडवानी सादर करणाऱ्या तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण लाभले. सतनामी समाजाचे पंथी नृत्य बंजारे यांनी परदेशांतही पोहोचविले. २००५ साली त्यांचे निधन झाले. मंदराजींना जे शेत विकून करावे लागले, ते येथे दरमहा वेतनामुळे शक्य झाले. जमीनदाराचे औदार्य त्याच्याबरोबर संपते; वेतनामुळे कलावंताला उद्याची खात्री मिळते. मात्र नोकरी व्यक्तीला मिळते, मंडळीला नव्हे. आणि नाचा ही मंडळीची कला आहे. परी, जोक्कड आणि वादक यांच्या दीर्घ संगतीतूनच ती शिकता येते.

खुमानलाल साव यांनी 'चंदैनी गोंदा'ची ही संगत दीर्घकाळ टिकविली. २०१९ साली ते गेले. त्यांची गीते ध्वनिमुद्रणांतून घराघरांत ऐकता येतात आणि ती शाळेच्या संमेलनात बसविणे कठीण नाही. परंतु गम्मतीतला नट सावकाराची, पुढाऱ्याची टर समोरच्या गावाकडे पाहून जागच्या जागी रचतो. ही हजरजबाबी ध्वनिफितीत उतरत नाही. हुडकोतल्या मुलांना गाण्याबरोबर ही विद्याही मिळावयाची असेल, तर स्मरणसोहळ्यांइतकाच पैसा तालमींवर आणि शिकविणाऱ्या वृद्ध कलावंतांच्या मानधनावर खर्ची पडला पाहिजे.